टेंभरे आणि टेंभुर्णे : नागपुरात लहान साप्ताहिकात शिरणाऱ्यांसाठी

नागपुरात राहणाऱ्या, गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकशाच्या माणसाला सालेकशाची बातमी सहसा इथल्या पेपरात सापडत नाही. मोठ्या दैनिकांची गोंदियाची पानं गोंदियात जातात, भंडाऱ्याची भंडाऱ्यात. नोकरीसाठी, पोरांच्या शिक्षणासाठी गाव सोडून आलेली कितीतरी कुटुंबं सकाळी दारात पडलेला पेपर वाचतात; पण त्यात त्यांचं गाव नसतं, बोलीतला शब्द नसतो, समाजातल्या कुणाच्या तेरवीची खबर नसते. समाजाची, बोलीची, वस्तीची छोटी साप्ताहिकं आणि पाक्षिकं याच रिकाम्या जागेत उगवली आहेत. अशाच एका आठ पानी साप्ताहिकात मी अकरा वर्षं काम करतो आहे. पत्रकारिता शिकणारी मुलं-मुली येऊन विचारतात, या कामात यावं का आणि काय शिकून यावं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सगळ्यात आधी नावं.

माझ्या तिसऱ्या वर्षी एका पोवार कुटुंबाकडून तेरवीची सूचना आली. आडनाव टेंभरे. अक्षर लागत नव्हतं, आणि ऑपरेटरच्या शेजारी टेंभुर्णे राहतात, म्हणून त्याच्या हातून टेंभुर्णे टाइप झालं. प्रूफ मी वाचलं. तारीख पाहिली, पत्ता पाहिला, आडनावावरून नजर घसरली. गुरुवारी सकाळी थोरला मुलगा ऑफिसात आला. डोकं भादरलेलं, हातात घडी घातलेला अंक. आवाज अजिबात चढवला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘भाऊ, या नावाचा माणूस आमच्या घरी मेलाच नाही.’’

टेंभरे पोवारांचं आडनाव, टेंभुर्णे दुसऱ्या समाजातलं. आमचा वाचक आडनावावरून गाव आणि सोयरीक ओळखतो. त्या अंकामुळे कितीतरी नातेवाइकांना खबरच पोहोचली नव्हती. त्याच दुपारी दुरुस्त सूचनेच्या शंभर प्रती छापून मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिल्या आणि पुढच्या अंकात पहिल्या पानावर खुलासा केला. तेव्हापासून मडावी असो, उईके असो, रहांगडाले असो की बिसेन, प्रत्येक नाव पाठवणाऱ्याला फोन लावून वाचून दाखवल्याशिवाय पान सोडत नाही. तुम्हीही हीच सवय लावा. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरं आणि रफार फुटतात, तेव्हा बदलानंतर नावं पुन्हा वाचायची. हे काम कंटाळवाणं वाटलं, तर लहान पत्रात रमणं कठीण.

या भागात इतक्या भाषा एकत्र कशा, हेही माहीत हवं. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची (आधीच्या मध्य प्रांताची) राजधानी होतं, आणि त्या राज्यात मराठी मुलूखही होता, हिंदी मुलूखही. म्हणून इंग्रजी ‘हितवाद’ (१९११, नामदार गोखल्यांच्या पुढाकाराने), हिंदी दैनिकं आणि मराठी पत्रं इथे शेजारी-शेजारी वाढली. मोमिनपुऱ्यात उर्दू, जरीपटक्यात सिंधी. गडचिरोलीकडे गेलात तर भामरागडला माडिया, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याला बंगाली. अमरावतीकडे मेळघाटात कोरकू, भंडारा-गोंदियात पोवारी. विदर्भातल्या पत्रांची सुरुवात बहुधा लहानच होती. ‘लोकमत’ १९१८ साली यवतमाळला साप्ताहिक म्हणून निघालं, नागपुरात त्याचं दैनिक झालं ते १९७१ मध्ये. आणि मुंबईहून निघालेलं बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ही पाक्षिकच होतं, ३१ जानेवारी १९२० चा पहिला अंक. ज्यांचं म्हणणं कोणी छापत नव्हतं त्यांनी स्वतःचं पत्र काढायचं, ही वाट तिथून आजवर चालू आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर एक दिवस नुसते स्टॉल बघत फिरा. पुस्तकांच्या जोडीला छोट्या पत्रांचे विशेषांक लोक वेचून घेतात, पिशवीत जपून गावी नेतात. वर्गात ऐकलेल्या चार व्याख्यानांपेक्षा मला तो दिवस मोलाचा वाटतो.

खिळे जुळवण्याचे दिवस गेले आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पान लावणं, आलं, तेव्हा दोन माणसांना पत्र काढणं शक्य झालं. म्हणूनच गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अशी पत्रं वाढली. पण बोलीत छापायचं म्हटलं की नवा प्रश्न येतो. गोंडीचंच घ्या. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली, ती २०१७ मध्ये युनिकोडमध्येही आली. पण आमच्या वाचकांतले बहुतेक जण शाळेत देवनागरीच शिकले. त्यामुळे आम्ही गोंडी सदराचा मजकूर देवनागरीत देतो आणि मथळा मसराम लिपीत. माघ पौर्णिमेला गोंड समाजाच्या कचारगडच्या यात्रेत आम्ही तो अंक घेऊन बसतो. तिथे एका शाळकरी मुलीने मथळ्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं होतं. तिचे वडील पाच प्रती घेऊन गेले. बोलीतला मजकूर मराठीसारखा ‘शुद्ध’ करू नका. माणूस जसं बोलतो तसं लिहा, आणि छापण्याआधी ती बोली घरात बोलणाऱ्याला मोठ्याने वाचायला लावा.

पैशाचं स्पष्ट सांगतो. वर्गणीतून कागदही निघत नाही. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस, यांच्या जाहिरातींवर वर्ष निघतं. वाढदिवसाचा मजकूर बातमी म्हणून छापा, असा आग्रह होतो. तिथे ‘जाहिरात’ हा शब्द टाकायचाच, जाहिरातदार रागावला तरी. पहिली दोन वर्षं शिकवणी, अनुवाद, डीटीपी असं हाताशी दुसरं काम ठेवा. आणि ओळखपत्रासाठी किंवा वार्ताहर म्हणून नेमण्यासाठी कोणी तुमच्याकडेच पैसे मागितले, तर तिथून उठून या.

स्वतःचं पत्र काढायचं असेल तर १८६७ चा जुना कायदा आता नाही. १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा लागू आहे आणि नोंदणीचा अर्ज ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर करायचा असतो. त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा आपल्या राज्यात कोणत्याही भाषेत, तसंच नाव आधी कोणी घेतलेलं असेल तर ते मिळत नाही. म्हणून चार-पाच नावं योजून ठेवा. गावाचं किंवा नदीचं नाव जोडलं की मिळणं सोपं जातं, असा माझा अनुभव. नोंदणीशिवाय अंक काढू नका, दंड पाच लाखांपर्यंत जाऊ शकतो. मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईची जागा सांगणारी ओळ प्रत्येक अंकात हवी. अंक छपाईला सोडण्याआधी मी ती बोट ठेवून वाचतो.

छपाई बुधवारी रात्री होते. गोंदिया-भंडाऱ्याचे गठ्ठे पहाटे गणेशपेठच्या स्टँडवरून एसटीने जातात. ज्यांना हे काम खरंच करायचं आहे त्यांना मी बुधवारी रात्रीच बोलावतो. गठ्ठा बांधताना वरच्या चिठ्ठीवर गावाचं नाव लिहावं लागतं, आणि तेही पहिल्यांदा मी वाचून घेतो.