हवासूला जायचंय? आधी परतीची चढण मोजा

ॲरिझोनातल्या हवासू धबधब्याचे निळे-हिरवे फोटो बघून बॅग भरायला घेऊ नका. सह्याद्रीत आधी गड चढतो, मग उतरतो. इथं हिशेब उलटा: आधी उतरण, आणि थकल्या पायांना शेवटी चढण.

पहिलं काम परवान्याचं. ही भूमी हवासुपाई आदिवासींची. आगाऊ आरक्षणाशिवाय प्रवेश नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणंही चालत नाही. दारू आणि ड्रोनला बंदी आहे.

मग गाडी. पीच स्प्रिंग्ज हे गाव सोडलं की हुआलापाई हिलटॉपपर्यंतच्या (दरीच्या काठावर गाडीरस्ता संपतो आणि पायवाट सुरू होते ती जागा) सुमारे १०० किलोमीटरमध्ये पेट्रोल पंप नाही. टाकी आधीच फुल करा.

हिलटॉपहून सुपाई गाव १३ किलोमीटर, तिथून तंबूंची जागा आणखी ३. सुरुवातीला नागमोडी तीव्र उतार, पुढे कोरड्या ओढ्याचं पात्र. गाव येईपर्यंत पाणी मिळत नाही; माणशी चार लिटर तरी घ्याच. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून हेडटॉर्च लावून अंधारातच निघा. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, घामावाटे मीठ जातं. ओआरएसची पाकिटं आणि खारे शेंगदाणे हाताशी येतील अशा खिशात ठेवा. चिवडा मात्र घट्ट झाकणाच्या डब्यातच न्या. मुक्कामावरच्या खारी पिशवी कुरतडून तो फस्त करतात, तुमच्या महागड्या सॅकची त्यांना फिकीर नाही.

खेचरांचा तांडा आला की कड्याच्या काठाला नाही, डोंगराच्या बाजूला उभे राहा. सुपाईचं टपालही खेचरांवरूनच येतं, त्यामुळे वाटेवर पहिला मान त्यांचा.

जुलै ते सप्टेंबर वादळी पावसाचे दिवस. डोक्यावर निरभ्र आकाश असलं तरी लांब कुठेतरी पडलेलं पाणी घळीतून लोंढ्यासारखं येतं. २००८ च्या ऑगस्टमधल्या पुरानं इथला नकाशाच बदलला. तंबू काठापासून उंचावर लावा आणि वर पळायची वाट उजेडातच बघून ठेवा.

हवासू सुमारे ३० मीटरचा, खालचा मूनी धबधबा त्याच्या दुप्पट. मूनीला उतरताना कातळातले बोगदे, साखळ्या आणि तुषारांनी भिजलेल्या लाकडी शिड्या लागतात. पकडीचे हातमोजे न्या. उंचीची भीती वाटत असेल तर वरूनच बघा, त्यात कमीपणा नाही.

परतीच्या दिवशी पहाटे तीनला तंबू गुंडाळायला घ्या. शेवटच्या दोनेक किलोमीटरची खडी चढण ऊन चढायच्या आत संपवायची आहे, आणि तेव्हा बाटलीत निदान एक लिटर पाणी शिल्लक हवं.