विद्यार्थ्यांना आणि स्वतःलाही झेपेल असे सत्र कसे आखावे

महाविद्यालयातली सहृदयता बहुधा प्राध्यापकाच्या स्वभावावर सोडलेली असते, म्हणूनच सत्र निम्म्यावर येईपर्यंत ती आटू लागते. ती अभ्यासक्रमाच्या आखणीतच बसवली, तर शिक्षक थकलेला असतानाही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते.

सुरुवात हिशेबाने करावी. वर्गात 60 विद्यार्थी असतील आणि एक निबंध तपासायला 20 मिनिटे लागत असतील, तर प्रत्येक निबंधामागे 20 तास जातात. चार निबंध द्यायचे असतील तर 80 तास वेळापत्रकात आधी शोधावेत आणि ते सापडले नाहीत तर निबंध कमी करावेत. (रात्री जागून उरकू, हा मार्ग हिशेबात धरू नये.)

त्यानंतर प्रत्येक कामाच्या सूचनापत्रात ते कशासाठी आहे, नेमके काय करायचे आहे आणि गुण कशाला मिळणार आहेत, हे स्पष्ट लिहावे.

सर्वांत विचारपूर्वक ठरवायचा तो मुदतवाढीचा नियम. आजारपणाचे पत्र जोडून मुदत मागणारा विद्यार्थी आपल्याला दिसतो. पण रात्रपाळी करून वर्गात येणारी आणि काही मागायला संकोचणारी विद्यार्थिनी निमूटपणे गुण गमावते. म्हणून सत्राच्या आरंभीच प्रत्येकाला, समजा, तीन सवलतीचे दिवस द्यावेत. ‘आज एक दिवस वापरत आहे’ एवढी ओळ पुरेशी मानावी, कारण विचारू नये. कोणाची अडचण खरी आणि कोणाची बनावट, हे ठरवत बसण्याचा मनस्ताप त्यामुळे शिक्षकाचाही वाचतो. दीर्घ आजार किंवा घरातला मृत्यू यांचा विचार अर्थातच स्वतंत्रपणे करावा.

तपासलेले काम परत देताना आधी शेरे द्यावेत, गुण काही दिवसांनी. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, शालेय विद्यार्थ्यांवरील अभ्यासात केवळ शेरे मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. शेऱ्यांबरोबर गुणही मिळालेल्यांना तसा लाभ झाला नाही. बहुतेकांनी केलेली चूक साठ वेळा लिहिण्याऐवजी वर्गात एकदाच समजावावी.

संदेशांना उत्तरे देण्याच्या वेळा पहिल्याच तासाला जाहीर कराव्यात आणि स्वतः पाळाव्यात. तातडीच्या मानसिक संकटात कोणाशी संपर्क साधायचा, तेही तिथेच नोंदवावे.

सत्राच्या मध्याआधी निनावी चिठ्ठ्यांवर दोनच प्रश्न विचारावेत: शिकायला कशाची मदत होते आणि काय अडते? पुढच्या तासाला त्यांतला निदान एक बदल अमलात आणावा आणि जो करता येणार नाही, त्याचे कारण वर्गाला सांगावे.