लहान गावातील वायनरी कशी पाहावी आणि वाइन कशी चाखावी

लहान गावातील वायनरीत जाण्याचा सर्वांत मोठा लाभ हा, की ज्या व्यक्तीने वाइन तयार केली, बहुतेक वेळा तीच व्यक्ती ती आपल्या ग्लासात ओतत असते. मोठ्या कारखान्यात पाहुण्यांसाठी वेगळे दालन, वेगळे कर्मचारी आणि ठरलेले निवेदन असते. लहान ठिकाणी मात्र द्राक्षे त्याच आठवड्यात का तोडली, अमुक टाकी थंड का ठेवली, लाकडी बॅरल जुनेच का वापरले, या प्रश्नांची उत्तरे निर्णय घेणाऱ्याकडूनच मिळू शकतात. म्हणून भेटीचा क्रम आधी बाग, मग टाक्या आणि बॅरल, आणि शेवटी ग्लास असा ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. थेट टेस्टिंग रूममध्ये जाऊन बसणाऱ्यालाही त्याच वाइन मिळतात, पण त्यांतील आंबटपणा, तुरटपणा किंवा लाकडाचा वास कुठून आला हे त्याला केवळ ऐकावे लागते. बाग आणि टाक्या पाहून आलेल्याला ते स्वतः ओळखता येते.

जाण्यापूर्वी फोन करून वेळ घ्यावी. अशा वायनरीत बागेची कामे, टाक्यांवरची देखरेख, बाटल्या भरणे आणि पाहुण्यांचे स्वागत हे सारे मोजकीच माणसे सांभाळतात, त्यामुळे फाटक उघडे दिसले म्हणून आत शिरणे योग्य नाही. आपण किती जण येणार, लहान मुले सोबत आहेत का, उत्पादन विभाग पाहता येईल का, चाखण्याचे शुल्क किती आणि बाटली घेतल्यास ते वजा होते का, हे फोनवरच विचारून घ्यावे. शक्य असल्यास सुट्टीचा दिवस टाळून सकाळची वेळ मागावी; तेव्हा जीभ ताजी असते आणि यजमानालाही सवड असते.

कोणत्या महिन्यात जावे याचा मात्र थोडा विचार करायला हवा. द्राक्षकाढणी उत्तर गोलार्धात साधारणपणे ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते. उष्ण कटिबंधातील हंगाम तेथील पावसाप्रमाणे वेगळा असतो. काढणीच्या दिवसांत पाहण्यासारखे सर्वाधिक असते, पण त्याच दिवसांत यजमानाला बोलायला क्षणाचीही फुरसत नसते. माझ्या मते काढणी आटोपत आल्यावर जावे: तेव्हा शेवटच्या लाल वाइनच्या टाक्या अजून आंबत असतात, पांढऱ्या वाइन निवळू लागलेल्या असतात, आणि माणसेही जरा निवांत झालेली असतात.

तयारी साधी आहे. अत्तर, परफ्यूम किंवा उग्र वासाचे तेल लावून जाऊ नये, कारण त्यामुळे आपलाच नव्हे, शेजारी उभ्या असलेल्यांचाही वास घेण्याचा प्रयत्न फुकट जातो. उपाशीपोटी जाऊ नये, पण फार तिखट खाऊनही जाऊ नये. पायात बंद बूट असावेत, कारण उत्पादन विभागातील फरशी सतत धुतली जात असल्याने ओली असते. तळघर थंड असते, म्हणून अंगावर घ्यायला काहीतरी ठेवावे. परतीची गाडी चालवणारी व्यक्ती आधीच ठरवावी आणि तिने वाइन चाखू नये. चाखून थुंकले तरी थोडे मद्य पोटात जातेच.

बागेत शिरण्यापूर्वी बुटांचे तळ स्वच्छ आहेत ना, हे पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी बारीक कीड उत्तर अमेरिकेतून युरोपात पोहोचली आणि तिने तेथील बागाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. त्यावर खात्रीचे औषध सापडले नाही. अमेरिकी जातीच्या खुंटावर युरोपीय वेलीचे कलम करणे हाच उपाय टिकला, आणि आजही जगातील बहुतेक बागा अशा कलमांवर उभ्या आहेत. बुटाला चिकटलेल्या मातीतून ही कीड एका बागेतून दुसऱ्या बागेत जाऊ शकते, त्यामुळे कोणी तळ पुसायला किंवा वरून आवरण घालायला सांगितले तर ते आनंदाने करावे. वेल कलमी आहे का आणि खुंट कोणता, हा बागेतील पहिला प्रश्न म्हणून फार चांगला आहे.

घड पक्व झालेले असतील तर परवानगी घेऊन एक मणी खाऊन पाहावा. वाइनच्या द्राक्षाचा मणी खाण्याच्या द्राक्षापेक्षा सहसा लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो, आणि ही जाड साल हेच त्याचे भांडवल असते. बहुतेक काळ्या जातींचा गर रंगहीन असतो. लाल वाइनचा रंग आणि तिचा बराचसा तुरटपणा सालीतून येतो. म्हणूनच काळ्या द्राक्षांचा रस लगेच पिळून वेगळा केला तर त्यापासून पांढरी वाइनही करता येते. आधी गर चोखून गोडी पाहावी, मग साल दाढेखाली बराच वेळ चावावी आणि शेवटी बी फोडावी. बी हिरवट असेल तर ती कडू आणि बोचरी लागते. पिकल्यावर ती तपकिरी होते, सहज फुटते आणि तिचा कडवटपणा कमी होतो. यजमान रसातील साखर मोजण्याचे छोटे उपकरण काढून दाखवत असेल तर त्यातून अवश्य पाहावे. साखरेचे प्रमाण ब्रिक्स या एककात मोजतात आणि वाइनची द्राक्षे साधारणपणे २० ते २५ ब्रिक्सच्या दरम्यान तोडली जातात. एक लीटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का मद्यार्क तयार होतो, हा हिशेब लक्षात ठेवला की बाटलीवरचा टक्का आणि बागेतला काढणीचा दिवस यांचा थेट संबंध कळतो. द्राक्षे जास्त दिवस वेलीवर ठेवली की गोडी वाढते, पण आंबटपणा उतरतो, आणि कुठे थांबायचे हे ठरवणे हाच वाइन करणाऱ्याचा वर्षातला सर्वांत अवघड निर्णय असतो. तो कसा घेतला, हे विचारावे.

उत्पादन विभागात लाल वाइनची उघडी टाकी आंबत असेल तर तिच्याजवळ थोडा वेळ थांबावे. साखरेचे मद्यार्कात रूपांतर यीस्ट हे सूक्ष्मजीव करतात, हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात प्रयोगांनी दाखवून दिले. या क्रियेत बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड साली वर ढकलतो आणि रसावर त्यांचा जाड, घट्ट थर जमतो. हा थर दिवसातून दोन-तीन वेळा तरी खाली दाबावा लागतो, नाहीतर तो सुकतो, तापतो आणि त्यात व्हिनेगर करणारे जिवाणू वाढू लागतात. फळीवर उभा राहिलेला माणूस लांब दांड्याचा ठोकळा त्या थरावर टेकवतो तेव्हा सुरुवातीला तो जराही हलत नाही. मग सगळा भार टाकल्यावर एका बाजूने फट पडते, तिच्यातून जांभळा फेस उसळतो, आणि पिकलेल्या फळाचा, ताज्या पावाच्या पिठाचा व किंचित आंबट असा वास वर येतो. तो वास घेण्यासाठी टाकीत वाकू मात्र नये. एक लीटर रस पूर्ण आंबताना ४० लीटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने टाकीत आणि तळघरात साचतो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. यजमानाने थांबा म्हटले की थांबावे आणि लहान मुलांचा हात सोडू नये.

टाक्यांवरची तापमानाची नोंद वाचावी. पांढरी वाइन बहुधा १२ ते १८ अंश सेल्सिअसला आंबवतात, कारण थंडाव्यात फळांचे नाजूक गंध टिकतात. लाल वाइनला सालीतून रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्ये, काढायची असल्याने ती २५ ते ३० अंशांच्या आसपास ठेवतात. त्यानंतर बहुतेक लाल आणि काही पांढऱ्या वाइनमध्ये जिवाणूंकडून दुसरे रूपांतर घडू दिले जाते: हिरव्या सफरचंदात आढळणाऱ्या तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल होते आणि कधीकधी लोण्यासारखा वास येतो. हे रूपांतर होऊ दिले की थांबवले, हे विचारून ठेवावे. तासाभराने ग्लासातील आंबटपणा जाणवताना त्या उत्तराचा उपयोग होतो.

बॅरलबाबतही असेच आहे. फ्रान्समधील बोर्दो भागाच्या पद्धतीच्या बॅरलमध्ये २२५ लीटर, म्हणजे ७५० मिलिलीटरच्या सुमारे ३०० बाटल्या वाइन मावते. नवे ओक लाकूड व्हॅनिला, लवंग आणि भाजलेपणाचे गंध देते. तीन-चार हंगामांनंतर त्याचा स्वतःचा गंध जवळपास संपतो, पण लाकडातून सावकाश हवा शिरणे सुरू राहते आणि त्याने टॅनिन मऊ होते. लाकडातून वाइन उडूनही जाते, म्हणून बॅरल वेळोवेळी काठोकाठ भरावे लागते. यजमानाने काचेच्या नळीने बॅरलमधून थोडी वाइन काढून दिली तर नाही म्हणू नये. ती कच्ची आणि रोखठोक लागेल. तीच वाइन बाटलीतून चाखायला मिळाली तर मधल्या काळाने काय केले हे समजते.

आता टेस्टिंग रूम. वाइनचा क्रम हलक्याकडून भारदस्ताकडे असावा: आधी फेसाळणारी, मग हलकी पांढरी, मग भरदार पांढरी किंवा रोझे, म्हणजे गुलाबी, मग लाल, आणि गोड सर्वांत शेवटी. ग्लास दांडीला धरावा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग पाहावा. लाल वाइन जुनी होत जाते तशी कड जांभळ्याकडून विटकरी रंगाकडे झुकते. यानंतर ग्लास न हलवता एकदा वास घ्यावा, मग टेबलावरच गोल फिरवून पुन्हा घ्यावा. वासांना नावे सापडत नाहीत ही तक्रार सर्वांचीच असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्राध्यापक अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात यासाठी गंधांचे एक चक्र तयार केले. त्यात ‘फळ’ अशा मोठ्या गटाकडून ‘लिंबूवर्गीय’ आणि मग विशिष्ट फळाकडे जाता येते. चक्र हाताशी नसले तरी ही रीत वापरावी: आधी फळ, फूल, मसाला, लाकूड की माती एवढेच ठरवावे आणि मग नेमके नाव शोधावे. जे फळ आपल्या घरात येते त्याचेच नाव घ्यावे; जे कधी खाल्ले नाही त्याचे नाव पुस्तकातून उसने घेऊ नये.

घोट लहान घ्यावा आणि काही क्षण तोंडात सगळीकडे फिरवावा. लाळ किती सुटते यावरून आंबटपणा, हिरड्या आणि गाल किती कोरडे पडतात यावरून टॅनिन, आणि घशाशी किती ऊब जाणवते यावरून मद्यार्क ओळखावा. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ टिकते तेही पाहावे. टेबलावर ठेवलेले थुंकण्याचे भांडे वापरण्यात काहीही अशिष्ट नाही. व्यावसायिक चाखणारे तेच करतात. ३० मिलिलीटरचे पाच घोट पूर्ण प्यायले तर १५० मिलिलीटर वाइन, म्हणजे जवळपास १५ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो, आणि त्याच्या पुढे जिभेवर विश्वास ठेवता येत नाही. मधूनमधून पाणी प्यावे. सोबत चीज ठेवलेले असेल तर प्रत्येक वाइन आधी नुसती चाखावी, कारण चीजमधील प्रथिने आणि स्निग्धांश टॅनिन झाकतात आणि साधी वाइनही गुळगुळीत वाटू लागते.

वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरशीचा वास आला तर तो बहुधा टीसीए या संयुगाचा, म्हणजे बुचातून आलेला दोष असतो; एका लीटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतके अल्प प्रमाणही नाकाला जाणवते. व्हिनेगरचा, नेलपॉलिशचा किंवा सडक्या अंड्याचा वास हेही दोषच आहेत. अशा वेळी बाटली केव्हा उघडली हे विचारून, दुसरी उघडता येईल का, असे शांतपणे म्हणावे. जाणकार यजमान स्वतः वास घेऊन पाहतो आणि मनावर घेत नाही. जी वाइन निर्दोष आहे पण आवडली नाही, तिच्याबद्दल खोटी स्तुती करू नये. “ही मला फार तुरट वाटली, आधीची जास्त आवडली,” एवढे सरळ सांगितले की यजमान त्याच टाकीतील दुसरे काहीतरी काढून आणतो, आणि संभाषण तिथून खरे सुरू होते.

खरेदी सर्व वाइन चाखून झाल्यावर करावी आणि ज्या ग्लासाकडे आपण पुन्हा वळलो तीच बाटली घ्यावी. ती किती काळात प्यावी, हे बनवणाऱ्यालाच विचारून लेबलाच्या मागे पेन्सिलीने लिहावे. बहुतेक वाइन काही वर्षांतच प्यायच्या असतात आणि नुसते ठेवून त्या सुधारत नाहीत. उन्हात उभ्या बंद गाडीत बाटल्या ठेवू नयेत, कारण तापलेली वाइन फुगून बूच वर ढकलते आणि तिची चव शिजल्यासारखी होते. इन्सुलेटेड पिशवी सोबत न्यावी. घरी आल्यावर बाटली अंधारात, १२ ते १५ अंशांच्या आसपास, बूच असेल तर आडवी ठेवावी आणि प्रवासानंतर निदान आठवडाभर उघडू नये. उघडल्यावर उरलेली वाइन, लाल असली तरी, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.