सोरायसिसच्या ट्रायलमध्ये जायचंय? सही करायच्या आधी हे करा

मला सोरायसिस, म्हणजे कातडीवर खपल्यांचे चट्टे येतात तो आजार, होऊन 14 वर्षं झाली. आधी कोपरं नि गुडघे, मग डोक्यात, आता कंबरेवर पण. मधे पुण्यातल्या एका हॉस्पिटलात एका नवीन इंजेक्शनची ट्रायल चालू होती त्यात मी वर्षभर होतो, आणि तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करतंच, की अरे ट्रायलमध्ये औषध फुकट मिळतं म्हणे, आम्हाला पण सांग ना कसं जायचं. तर एकदाच सगळं लिहून टाकतो. कोड, इसब वगैरेच्या ट्रायललाही यातलं बरंचसं लागू पडतं.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की ट्रायल म्हणजे उपचार नाही. तिथे डॉक्टरांना एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं, हे औषध चालतं का आणि किती सुरक्षित आहे, आणि ते उत्तर काढायला तुम्ही मदत करताय. त्यातून तुम्हाला बरं वाटलं तर फार छान, पण त्याची गॅरंटी कुणीच देत नाही, आणि कुणी देत असेल तर तिथून सरळ उठा.

दुसरं, तुम्हाला सोरायसिसच आहे ना हे त्वचारोगतज्ज्ञाकडून नक्की करून घ्या. आपल्याकडे खाज आली की मेडिकलवाल्याला दाखवून ट्यूब आणायची सवय आहे, आणि त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. साधा नायटा असला तरी स्टिरॉइडने त्याचं रूप इतकं बदलतं की ओळखू येत नाही. 2018 मध्ये सरकारने अंगाला लावायची बरीच स्टिरॉइड्स शेड्युल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी काउंटरवर मिळतातच. गेल्या सहा महिन्यांत काय काय लावलं, काय गोळ्या घेतल्या, वैद्यांकडच्या पुड्या धरून, सगळं एका कागदावर लिहून ठेवा, ट्रायलवाले हे विचारणारच. आणि एक कळकळीने सांगतो, ट्रायलसाठी म्हणून पोटातून घ्यायचं स्टिरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, सोरायसिस उसळून अंगभर पू भरलेल्या पुटकुळ्या येऊ शकतात आणि ते प्रकरण जिवावर बेतू शकतं.

आता ट्रायल शोधायची कशी. आपल्या देशात सगळ्या ट्रायल्सची एक सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय म्हणतात तिला, आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था, ती चालवते. 2007 पासून आहे, 2009 पासून औषधांच्या ट्रायलची नोंद सक्तीची झाली, आणि 1 एप्रिल 2018 पासून तर पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद झालेली पाहिजे असा नियम आहे. मोबाईलवर सुद्धा उघडते, पैसे लागत नाहीत. सर्चमध्ये सोरायसिस इंग्रजीत टाका, यादी येईल. पान दिसायला किचकट आहे पण सगळं वाचायची गरज नाही, मी सांगतो तेवढं बघा. रिक्रूटमेंट स्टेटस, म्हणजे पेशंट घेणं चालू आहे का ते, दोन ठिकाणी असतं, एक जगभरातलं आणि एक भारतातलं, आपल्याला भारतातलं बघायचं, तिथे ओपन टू रिक्रूटमेंट असेल तरच पुढे जा. मग साइट्स ऑफ स्टडीमध्ये कुठलं शहर, कुठलं हॉस्पिटल ते दिसतं, आणि त्याच्याच खाली एथिक्स कमिटीचं, म्हणजे ट्रायलमध्ये पेशंटच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीचं, स्टेटस असतं, तुमच्या हॉस्पिटलच्या नावापुढे अप्रूव्हड आहे का ते बघायचं. आजाराच्या रकान्यात कोड नंबर असतो, एल40 म्हणजे सोरायसिस, एल20 म्हणजे अटॉपिक इसब, एल80 म्हणजे अंगावरचं पांढरं कोड. आयुर्वेदाच्या ट्रायल्सही इथेच सापडतात. कुणी तुम्हाला ट्रायलचं सांगितलं तर त्याचा सीटीआरआय नंबर मागा, सीटीआरआय मग वर्ष मग महिना मग सहा आकडे असा असतो. नंबर देत नाहीत किंवा टाळाटाळ करतात, तर जाऊ नका.

मग आपण त्यात बसतो का हे घरीच अंदाजाने बघता येतं. आपला स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण 1 टक्का. चट्टे किती तळहातांएवढे आहेत ते मोजा. मोठ्या औषधांच्या ट्रायलमध्ये बऱ्याचदा निदान 10 टक्के अंग आणि पासी स्कोअर 12 किंवा जास्त मागतात. पासी म्हणजे डॉक्टर चट्ट्यांची लाली, जाडी आणि खपल्या यांना 0 ते 4 असे मार्क देतात, डोकं, हात, धड, पाय असे चार भाग धरून (पायांचं वजन सगळ्यात जास्त, 40 टक्के), आणि त्यातून 0 ते 72 मधला एक आकडा निघतो. तुमचा पासी 20 होता आणि औषधाने 5 वर आला तर त्याला पासी 75 म्हणतात, म्हणजे 75 टक्के सुधारणा. हे कळलं की ट्रायलचे निकालही वाचता येतात. उदाहरण म्हणजे सेक्युकिनुमॅब हे सोरायसिसचं इंजेक्शन, 2014 मध्ये त्याच्या इरेझर नावाच्या ट्रायलचे निकाल आले, 12 आठवड्यांनी 300 मिलिग्रॅमवाल्यांपैकी जवळजवळ 82 टक्के लोकांना पासी 75 मिळाला आणि नुसतं प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण आत औषध नसलेलं, घेणाऱ्यांपैकी साडेचार टक्क्यांना. याच फरकासाठी प्लासिबो ठेवतात.

इथे एक गोष्ट मला मनापासून खटकते. पासीमध्ये लाली मोजतात, पण आपल्या सावळ्या कातडीवर चट्टा लाल दिसतच नाही, जांभळट किंवा काळपट दिसतो, आणि चट्टा गेला तरी डाग महिनोन्‌महिने राहतो. मोठ्या आंतरराष्ट्रीय ट्रायल्समध्ये गोऱ्या कातडीचे लोकच जास्त असतात. म्हणून आपल्या लोकांनी ट्रायलमध्ये जावं असं मला खरंच वाटतं, फक्त डोळे उघडे ठेवून.

आता सगळ्यात महत्त्वाचं, संमतीपत्र. मला ते पहिल्यांदा हातात दिलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता, ओपीडी गच्च भरलेली, वीसेक पानं आणि पेन, आणि इथे इथे सही करा म्हणून खुणा केलेल्या. मी म्हटलं घरी नेतो. समोरच्यांच्या कपाळावर आठ्या आल्या पण दिलं, द्यावंच लागतं. तुम्ही पण घरी न्या. मराठीतली प्रत मागा, तुम्हाला कळेल त्या भाषेत देणं त्यांचं काम आहे, आणि घरात जो शंका काढतो त्याला वाचायला द्या, माझ्याकडे ते काम बायकोने केलं आणि तिने काढलेले प्रश्न माझ्या डोक्यात आलेच नसते. आई-वडिलांना वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर पाहिजे, नुसता अंगठा घेऊन चालत नाही. सही झाली की एक प्रत तुमची, ती घेतल्याशिवाय निघू नका.

विचारायचे काय? प्लासिबो आहे का, आणि असेल तर किती आठवडे, आणि त्यानंतर खरं औषध सगळ्यांना मिळणार का. माझ्या मते हा पहिला प्रश्न. कोणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर ठरवतो, डबल ब्लाइंड असेल तर डॉक्टरलाही माहीत नसतं, त्यामुळे मला खरंवालं द्या म्हणून विनवण्या करून उपयोग नाही. मधेच फारच वाढलं तर दुसरं औषध देणार का. माझी आत्ताची औषधं किती दिवस आधी बंद करायची. ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का, की दुसऱ्या दिवशी हात वर. हे शेवटचं लोक विचारतच नाहीत, आणि मग वर्षभर स्वच्छ कातडी बघून झाल्यावर महागडं इंजेक्शन परवडत नाही म्हणून परत चट्टे येतात, तेव्हा फार जड जातं. येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, किती फेऱ्या, कामाचे किती दिवस बुडणार तेही विचारा. ट्रायलचं औषध आणि त्यासाठीच्या तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात, मागितले तर एथिक्स कमिटीला फोन करा, नंबर संमतीपत्रावर छापलेला असतो. या कमिटीत नुसते डॉक्टर नसतात, 2019 च्या नियमांप्रमाणे निदान सात जण, त्यात कायद्याचा जाणकार, एक सामान्य माणूस आणि एक बाई असलीच पाहिजे, आणि निम्मे लोक त्या हॉस्पिटलच्या बाहेरचे. त्यांना फोन करायला घाबरू नका.

सही केली की स्क्रीनिंग. रक्त, लघवी, छातीचा एक्सरे, हिपॅटायटिस, एचआयव्ही, आणि टीबीची रक्ततपासणी. टीबीचं मनावर घ्या, कारण सोरायसिसची बरीच इंजेक्शनं प्रतिकारशक्तीचा एक भाग दाबतात, आणि आपल्याकडे टीबीचे जंतू कितीतरी लोकांच्या अंगात झोपलेले असतात, ते उठू शकतात. पूर्वी टीबी झाला होता किंवा घरात कोणाला होता ते लपवू नका. बायकांनी दिवस राहायचा विचार असेल तर आधीच सांगा. स्क्रीनिंगमध्ये नापास झालात तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या जिवासाठीच ते नियम आहेत, आणि तपासण्यांचे रिपोर्ट मागून घ्या, कामाला येतात.

मग येतो वॉशआउट, म्हणजे जुनी औषधं अंगातून जाऊ देणं. लावायच्या औषधांना साधारण 2 आठवडे, मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्यांना आणि लाइट थेरपीला 4, इंजेक्शनांना त्याहून जास्त, नेमकं किती ते प्रत्येक ट्रायलचं वेगळं. माझे ते दिवस फार वाईट गेले, साध्या व्हॅसलिनवर काढले, रात्री खाजवून चादरीवर खपल्यांचा सडा. दिवाळी, घरातलं लग्न, परीक्षा असं काही असेल तर तारखा आधी बघून घ्या. आणि चोरून जुनी ट्यूब लावू नका, तुमचा आकडा खोटा ठरतो आणि त्यावर पुढे हजारो लोकांचं औषध ठरणार असतं.

ट्रायल चालू असताना एक वही ठेवा. इंजेक्शन कधी घेतलं, ताप, खोकला, पोट, झोप, सगळं लिहा, क्षुल्लक वाटलं तरी लिहा. दर रविवारी त्याच खिडकीपाशी त्याच उजेडात फोटो काढा.

आणि काही बिघडलं तर थांबू नका, लगेच मुख्य डॉक्टरला फोन. ॲडमिट व्हावं लागलं तर ती गंभीर घटना धरतात आणि डॉक्टरने 24 तासांत वरती कळवायचं असतं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, आणि भरपाईही मिळते, ती स्पॉन्सर, म्हणजे ट्रायल करवणाऱ्या, कंपनीने द्यायची असते. औषधाचे साइड इफेक्ट तर त्यात येतातच, पण प्लासिबो देताना, उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार द्यायला हवा असताना दिला नाही आणि त्याने इजा झाली, तर तेही येतं. दुसऱ्या हॉस्पिटलात जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला ट्रायलचं कार्ड दाखवा, ते कायम पाकिटात ठेवा, बिलं जपून ठेवा.

नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडता येतं, कारण सांगायची सक्ती नाही, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. फक्त गुपचूप जायचं बंद करू नका, सांगून बाहेर पडा आणि शेवटची तपासणी करून घ्या, कारण औषध अंगात काही आठवडे राहतं.

संपल्यावर शेवटच्या भेटीत दोन गोष्टी मागा: तुम्हाला खरं औषध होतं की प्लासिबो हे कधी कळणार, आणि ट्रायलचा निकाल कधी येणार. मला आठ महिन्यांनी फोन आला, औषधच होतं. आता मी परत मेथोट्रेक्सेटवर आहे, आठवड्यातून एकदा, आणि कंबरेवरचा चट्टा अजून तळहाताएवढाच आहे.