स्काउट पथक हाती घेताना: नव्या स्काउटमास्तर आणि गाइड कॅप्टनसाठी

महाराष्ट्रातल्या शाळेत स्काउटची जबाबदारी बहुधा जूनमध्ये येते. वेळापत्रक लागतं, मुख्याध्यापक एखाद्या तरुण शिक्षकाला बोलावून सांगतात, ‘यंदा स्काउट तुमच्याकडे.’ शाळेबाहेरच्या ओपन ग्रुपमध्ये कुणी माजी रोव्हर, कुणाची आई, कुणी निवृत्त शिक्षक आपणहून पुढे येतात. गणवेश शिवून होतो, स्कार्फ आणि तो अडकवायचं कडं, म्हणजे वॉगल, मिळतो आणि पहिल्या शनिवारी मुलं रांगेत उभी राहतात. पुढचा तास कसा न्यायचा हे कुणी सांगितलेलं नसतं. मग कवायत होते. दुसऱ्या शनिवारीही कवायतच होते. दिवाळीपर्यंत निम्मी मुलं गळालेली असतात.

हा लेख त्या पहिल्या शनिवारच्या आधी वाचावा. पथक मुलांनी चालवायचं असतं. त्यांना ते चालवता यावं, एवढ्यासाठी मोठ्या माणसाने शिकायचं असतं. प्रशिक्षण, नोंदणी, शिबिर, हिशेब या सगळ्याकडे त्याच नजरेने पाहिलं की काय करायचं आणि काय सोडून द्यायचं, दोन्ही उमगतं.

कुठल्या वयाची मुलं घ्यायची?

दहाच्या आतली मुलं कब-बुलबुल, दहाच्या पुढे शाळा संपेपर्यंत स्काउट-गाइड आणि नंतर पंचविशीपर्यंत रोव्हर-रेंजर, अशी साधारण विभागणी आहे. प्रत्येक गटाच्या मोठ्या माणसाचं काम वेगळं असतं. कबचा सगळा खेळ मोगलीच्या जंगलकथेवर उभा आहे. तिथे कबमास्तर ‘अकेला’ होतो, गोष्टी सांगतो, नाचतो, ओरडतो. तेरा-चौदा वर्षांच्या स्काउटसमोर हे केलं तर मुलं तोंड फिरवतील. रोव्हरना तर तुम्ही सोबती म्हणून हवे असता. आपला स्वभाव कुठल्या वयाशी जुळतो ते प्रामाणिकपणे पाहा आणि त्याच गटाची जबाबदारी मागून घ्या. गाइडच्या तुकडीची कॅप्टन महिलाच असते, त्यामुळे शाळेत मुलींची तुकडी उभी करायची तर शिक्षिका किंवा एखाद्या मुलीची आई आधी तयार करावी लागते.

नोंदणी आणि वॉरंट

भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी जुन्या संस्थांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड्स तिच्यात सामील झाल्या. आजही तुमचा पहिला संबंध येतो तो जिल्हा कार्यालयाशी आणि तिथल्या जिल्हा संघटकांशी. पथकाची नोंदणी तिथे होते, प्रशिक्षण वर्गाच्या तारखा तिथेच कळतात आणि वॉरंट, म्हणजे पथक चालवण्याचा अधिकृत परवाना, त्यांच्याच मार्फत मिळतो. ही कामं जुलैमध्येच उरकून टाका. नोंदणी नसलेल्या पथकातल्या मुलांना पुढे सोपान, म्हणजे स्काउटच्या पायरी-पायरीच्या परीक्षा, आणि राज्य पुरस्कारासाठी अडचण येते आणि तेव्हा भुर्दंड मुलांना पडतो.

बेसिक कोर्स: सगळ्यात आधी हाच

प्रशिक्षणाची पायरी ठरलेली आहे: बेसिक कोर्स, मग ॲडव्हान्स कोर्स, मग हिमालय वुड बॅज. दोन वर्गांच्या मध्ये काही काळ प्रत्यक्ष पथक चालवावं लागतं आणि ही अट फार शहाणपणाची आहे. लागोपाठ वर्ग करून प्रमाणपत्रं जमतात, पण मुलांसमोर उभं राहिल्यावर कुठे अडतं ते कळत नाही. ते कळल्याशिवाय पुढच्या वर्गात कुठले प्रश्न विचारायचे हेही सुचत नाही.

बेसिक कोर्सला जाताना वही-पेन न्याच, पण लिहून घेण्यासाठी जाऊ नका. तिथे तुम्हाला सहा-आठ जणांच्या एका संघात टाकतात. त्यात पंचावन्न वर्षांचे मुख्याध्यापक असतील, पहिल्याच नोकरीतली शिक्षिका असेल, तालुक्याच्या गावातला पालक असेल. पहाटे शिट्टी होते, स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांच्या नावाचे बी.पी. व्यायाम होतात, मग तंबूची तपासणी. पांघरुणाची घडी वाकडी असेल तर गुण जातात. स्वयंपाक संघानेच करायचा असतो. चूल धुरावते, भात खाली लागतो आणि कुणीतरी वैतागतं. तोवर पुढच्या कार्यक्रमाची शिट्टी होते.

या वैतागाकडे नीट लक्ष द्या. तुमचा संघनायक कामं कशी वाटतो, कुणाचं ऐकतो, दोन माणसं सारखी मागे का राहतात, आपल्याला कुणी विचारलंच नाही तर मनात काय येतं, हे सगळं त्या काही दिवसांत अंगावर येतं. तुमच्या पथकातल्या बारा वर्षांच्या मुलाला नेमकं हेच होणार आहे. गाठी, नकाशा, प्रथमोपचार पुस्तकातूनही शिकता येतील. संघात राहणं मात्र राहूनच कळतं. म्हणून तिथे ओळखीच्या शिक्षकांचा घोळका करून बसू नका आणि ‘मी बघतो’ म्हणणाऱ्या सराईत माणसावर चूल सोपवून मोकळेही होऊ नका.

वुड बॅजची परंपरा १९१९ सालची. लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये त्या वर्षी सप्टेंबरात पहिला वर्ग झाला आणि लाकडी मण्यांची खूण तेव्हापासून चालत आली. दोन मणी म्हणजे वुड बॅज पूर्ण, तीन मणी सहायक प्रशिक्षकाचे, चार मणी प्रशिक्षकाचे. आपल्याकडे त्याला हिमालयाचं नाव मिळालं, आणि राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे. संधी मिळाली तर पचमढीचा वर्ग जरूर करा. वेगवेगळ्या राज्यांतले स्काउटर, म्हणजे पथक चालवणारी मोठी माणसं, आपापल्या भागात ते कसं चालवतात, हे तिथे एका चुलीभोवती बसून ऐकायला मिळतं.

संघ नावापुरते नकोत

१९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. मुलं श्रीमंत शाळांतली होती तशी कामगार वस्तीतलीही. त्यांनी ती चार संघांत मिसळून टाकली, प्रत्येकावर एक मुलगाच नायक नेमला आणि त्याच्यावर खरी जबाबदारी टाकली. आज आपण ज्याला संघपद्धत म्हणतो तिचा हा पहिला प्रयोग. बेडन-पॉवेल स्काउटमास्तरकडे थोरल्या भावाच्या नात्याने पाहत. शाळेत मुलं तुम्हाला ‘सर’ म्हणणार आणि तसंच म्हणू द्या. तुमचं वागणं मात्र घरातल्या दादा-ताईसारखं असावं.

आपल्याकडे संघ होतात, नावं मिळतात, झेंडे होतात आणि नंतर सगळं सर सांगतात. हे टाळायला एक साधा उपाय आहे. शनिवारी जे शिकवायचं ते गुरुवारी मधल्या सुट्टीत फक्त संघनायकांना शिकवा. समजा खांबाला दोरी बांधायची क्लोव्ह हिच ही गाठ घ्यायची आहे. चार संघनायक, चार दोऱ्या, एक खांब, दहा मिनिटं. गाठ बसली की प्रत्येकाला विचारा, ‘तुझ्या संघात ही कुणाला जड जाईल? त्याला कशी शिकवशील?’ शनिवारी तुम्ही मैदानाच्या कडेला उभं राहायचं. एखादा संघनायक चुकीची शिकवत असेल तर त्याच्या मुलांदेखत दुरुस्त करू नका. त्याला पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला बोलवा, बरोबर करून दाखवा आणि परत पाठवा. त्याच्या मुलांसमोर त्याची पत राहिली तरच पुढच्या शनिवारी तो आपणहून शिकवेल.

महिन्यातून एकदा कोर्ट ऑफ ऑनर, म्हणजे संघनायकांची सभा, भरवा. सगळे संघनायक, एक मुलगा टिपणं घेणारा, आणि तुम्ही मागे बसलेले. पुढच्या महिन्यात काय करायचं, शिबिराला कुठे जायचं, सतत उशिरा येणाऱ्याचं काय करायचं, हे त्यांनी ठरवायचं. त्यांचा निर्णय तुम्हाला पटला नाही तरी धोक्याचा नसेल तर तो चालू द्या. एकदा जरी निर्णय फिरवलात तरी ती सभा पुन्हा खरी होत नाही.

कबच्या षटकनायकांकडून, म्हणजे त्यांच्या छोट्या गटांच्या नायकांकडून, एवढी अपेक्षा ठेवू नका. त्यांना रांग लावणं आणि साहित्य वाटणं जमलं तरी वयाच्या मानाने खूप झालं.

शनिवारचे दीड तास

ध्वजवंदन, प्रार्थना आणि तपासणी मिळून पंधरा मिनिटं. तपासणी संघनायकांनीच करावी. त्यानंतर एक दमवणारा खेळ. लंगडी, खो-खो किंवा रस्सीखेच, काहीही चालेल, फक्त संघासंघांत असावा. मग वीस-पंचवीस मिनिटं संघाचा स्वतःचा वेळ, त्यात नवी गोष्ट शिकणं. मग त्याच गोष्टीवर बेतलेला दुसरा खेळ: गाठ शिकली असेल तर डोळे बांधून गाठ, प्रथमोपचार झाला असेल तर काठ्यांच्या स्ट्रेचरवरून ‘जखमी’ नेण्याची शर्यत. शेवटी एखादं गाणं, सूचना आणि राष्ट्रगीत. कवायतीला दहा मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी वेगळा सराव ठेवा. नाहीतर दीड तास त्यातच जातो आणि मुलांना वाटतं स्काउट म्हणजे तेवढंच.

सुरक्षितता: इथे मुलांवर काही सोपवायचं नाही

बाकी सगळं मुलांच्या हाती द्या. हे मात्र पूर्ण तुमचं आहे आणि याबाबत मी कुणाचीही सबब ऐकून घेत नाही.

कुठल्याही कार्यक्रमाला किमान दोन मोठी माणसं हवीत. एका मुलासोबत बंद खोलीत, तंबूत किंवा गाडीत एकट्याने कधीही राहू नये. मोठ्यांची झोपण्याची जागा वेगळी. मुलींच्या शिबिरात रात्रभर महिला असायलाच हव्यात. मुलांशी खासगी व्हॉट्सॲप नको. पालक असलेल्या गटावरच निरोप द्या. शिक्षा म्हणून उठाबशा, उन्हात उभं करणं, चापट, यातलं काहीही नको.

२०१२ चा पॉक्सो कायदा प्रत्येकाने वाचलेला असावा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. शाळेची बदनामी होईल, आधी आपण चौकशी करू, असं म्हणत थांबू नये. मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो मुलांच्या वहीतही लिहून द्या.

शिबिराची जागा स्वतः आधी जाऊन पाहा. पाणी कुठलं, शौचालय किती, मोबाइलला रेंज आहे का आणि जवळच्या कुठल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष ठेवलेलं असतं, हे फोनवर विचारून भागत नाही. आपल्या डोंगरपट्ट्यात घोणस, मण्यार, फुरसं आहे. दंश झाला तर चिरणं-चोखणं नाही, आवळून बांधणं नाही, तो अवयव हलू न देता थेट दवाखाना. १०८ ला फोन करा, पण तुमचंही एक वाहन शिबिरावर उभं असू द्या. गडावर जाणार असाल तर आग्या मोहोळ कुठे आहे ते गावकऱ्यांना विचारा आणि तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा अजिबात नको. धरण, नदी, समुद्र यांच्या काठी शिबिर घेतलं तर पाण्यात उतरण्याची वेळ आणि जागा तुम्ही ठरवायची, जोड्या लावायच्या, काठावर पोहता येणारा मोठा माणूस उभा करायचा. असा माणूस नसेल तर पाण्यात उतरणं रद्द.

प्रत्येक मुलाचा एक कागद करा: दमा, फिट, ॲलर्जी, चालू औषधं, पालकांचे दोन क्रमांक. तो कागद शिबिरात तुमच्या खिशात हवा, शाळेच्या कपाटात असून उपयोग नाही.

पैसे आणि पालक

खरी कमाईचा, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवण्याचा, उपक्रम आपल्याकडे उत्साहाने होतो, पण अनेक ठिकाणी आया भेळ-वडे करून देतात आणि मुलं टेबलामागे उभी राहून विकतात. याला खरी कमाई म्हणवत नाही. भेळ साधी होऊ दे, पण कांदा मुलांनी चिरावा, भांडवल किती घातलं आणि हाती किती आलं ते मुलांनीच लिहावं. सायकल पुसणं, पुस्तकांना कव्हर घालणं, शेतात शेंगा तोडू लागणं, असं काम मला जास्त आवडतं. मिळालेले पैसे संघाच्या वहीत संघाचाच खजिनदार मांडतो आणि तुम्ही महिन्याअखेरीस सही करता, एवढंच.

पालकांची पहिली सभा शिबिराच्या आधी घ्या, नंतर तक्रारी ऐकायला नको. त्या सभेत सहायक शोधा. कुणी नर्स असेल, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी शेतकरी. ‘मदत कराल का?’ असं मोघम विचारलंत तर सगळे माना डोलावतात आणि कुणी येत नाही. ‘१२ तारखेला सकाळी दोन तास येऊन मुलांना जखम बांधायला शिकवाल का?’ असं विचारा. अशा दोन तासांतूनच पुढचा सहायक स्काउटमास्तर सापडतो. तोही बेसिक कोर्सला गेला पाहिजे.

दुसऱ्या वर्षापासून

तुमची बदली होऊ शकते, घरचं काही उद्भवू शकतं. आपल्याकडची किती पथकं एका शिक्षकाच्या बदलीबरोबर बंद पडली, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून दुसऱ्या वर्षी सहायकाला निदान एक शिबिर पूर्ण चालवू द्या, तुम्ही त्याचे मदतनीस व्हा. हस्तांतराची एक फाइल ठेवा: नोंदणीचे कागद, प्रत्येक मुलाची सोपानातली प्रगती, साहित्याची यादी, हिशेबाच्या वह्या, कोर्ट ऑफ ऑनरची टिपणं, शिबिराच्या जागा आणि तिथल्या माणसांचे क्रमांक. शाळा सोडून गेलेल्या मोठ्या मुलांची यादीही त्यातच असू द्या. अठरा पूर्ण झालेल्या त्या रोव्हरना दर वर्षी जूनमध्ये फोन करून विचारा की या वर्षी कुठला शनिवार देता येईल.