द्राक्षबागांच्या रस्त्यावर सायकल नेताय? आधी काट्यांचं बघा
नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडे, गिरणारे साइडला किंवा रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी एमटीबी (माउंटन बाइक) घेऊन जाणार असाल तर चढापेक्षा बाभळीचे काटे जास्त छळतात, बागांच्या कडेला कुंपणाला टाकलेल्या फांद्या सुकून रस्त्यावर येतात आणि टायरमधून आरपार. मी एकदा एकाच सकाळी दोन ट्यूब घालवल्या, कारण पहिला काटा टायरमध्येच राहिला होता आणि मी शहाण्यासारखी नवीन ट्यूब तशीच भरली. म्हणून ट्यूब बदलताना टायर आतून फडक्याने गोल पुसून घ्या, फडकं जिथे अडकलं तिथे काटा (बोट फिरवलंत तर रक्त निघेल). जमत असेल तर टायर सरळ ट्यूबलेस (ट्यूबशिवाय) करून सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) भरा, मग छोटा काटा घुसला तरी तो रस्त्यात उपटायचा नाही, घरी येऊन बघायचं.

पाऊस पडून गेला असेल तर काळ्या मातीच्या पाणंदीत अजिबात शिरू नका, चाक चार फेऱ्यांत जाम होतं, मुरमाड रस्ता धरा. आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठीची छाटणी) वेलींवरच्या डावणी रोगासाठी फवारण्या जोरात चालू असतात, पुढे ब्लोअरचा (ट्रॅक्टरच्या फवारणी यंत्राचा) आवाज आला की थांबा, ट्रॅक्टर लांब जाऊ दे, बाटलीचं तोंड झाकून ठेवा. द्राक्षं लागलेली असतील तर बागेत शॉर्टकट नको, शेतकरी दादांना विचारलं की तेच बांधावरची वाट दाखवतात.