तोंड अचानक वाकडं झालं? गोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

माझ्या जाऊबाई सकाळी चूळ भरायला गेल्या तर पाणी उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं, आरशात बघतात तर तोंड डावीकडे ओढलेलं आणि उजवा डोळा मिटेचना. घरात सगळ्यांचं एकच, रात्री पंख्याचं वारं लागलंय, शेक द्या, तेल चोळा, आणि त्यातच चार दिवस गेले. निघाला बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याची नस सुजून एका बाजूचा चेहरा लुळा पडणं. ते चार दिवस मला अजून टोचतात.

कारण चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अगदी अरुंद बोगद्यातून जाते, ती सुजली की तिथंच आवळली जाते, आणि स्टिरॉइड ती सूज उतरवतं. म्हणून स्टिरॉइडची गोळी तोंड वाकडं झाल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवी. स्कॉटलंडमधल्या 2007 च्या अभ्यासात प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड 25 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं 10 दिवस दिलं, तर नऊ महिन्यांनी साधारण 94 टक्के लोक पूर्ण बरे झाले होते, न घेतलेल्यांत 82. म्हणजे बरेच जण आपोआपही बरे होतात हे खरं, पण आपण कुठल्या गटात आहोत हे आधी कुणाला कळतं?

घरी बसून निदानही करू नका. बेल्समध्ये कपाळावरची आठीसुद्धा त्या बाजूला पडत नाही. कपाळ नीट हलतंय आणि फक्त तोंड वाकडंय, किंवा हात-पाय लुळा पडलाय, बोबडं बोलणं होतंय तर तो मेंदूचा झटका असू शकतो, एक मिनिट न घालवता हॉस्पिटल गाठा.

"स्टिरॉइड वाईट" म्हणून तिसऱ्या दिवशी गोळी सोडणारे खूप. हा कोर्स थोड्या दिवसांचा असतो, पूर्ण करा, काही खाऊन घ्या. शुगर असेल तर लपवू नका, ती नक्की वाढते, रोज तपासा आणि डॉक्टरांना कळवत राहा. अल्सर, टीबी, गरोदरपण हेही आधीच सांगा, आणि दुसऱ्याची जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणू नका. नुसती व्हायरसची गोळी घेऊन त्या अभ्यासात फायदा दिसला नव्हता. पण कानात फोड आणि ठणका असेल तर ते वेगळं दुखणं असू शकतं, तिथं व्हायरसची गोळीही लागते, म्हणून कान दाखवाच.

आणि डोळा! गोळ्यांच्या नादात लोक डोळाच विसरतात. मिटत नाही म्हणजे तो रात्रभर उघडा राहून कोरडा पडतो, बुबुळाला जखम होते. दिवसा ड्रॉप, झोपताना मलम, मग पापणी बोटाने हळूच खाली ओढून पूर्ण मिटल्याची खात्री करून वर कागदी पट्टी. अर्धवट उघड्या डोळ्यावर कापूस दाबला तर तोच बुबुळावर घासतो, जाऊबाईंना दुसऱ्या रात्री नेमकं हेच झालं. डोळा लाल झाला, दुखला, धूसर दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

तीन महिन्यांनीही चेहरा पूर्ण सुधारला नाही तर परत दाखवा, "होईल हळूहळू" म्हणत घरी थांबू नका.